भाडेकरूसकट घर

सासरे गेल्यानंतर साताऱ्याकडची जमीन विकली आणि आमच्या वाटणीचे पैसे हातात आले, तेव्हा आम्ही नेरूळला राहत होतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, नवरा कांदा-बटाटा मार्केटात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर होता. पैसे सरळ बँकेत ठेवावेत असं त्याचं म्हणणं. माझ्या डोक्यात मात्र एखादं लहानसं घर घेऊन भाड्याने द्यावं असं आलं होतं. आमच्या दोघांच्याही घरात आजवर कोणी घरमालक झालं नव्हतं. तसं झाल्यावर कसं वाटतं, हेच मला बघायचं होतं.

"भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही," नवरा म्हणाला. मार्केटात त्याला असले किस्से रोज ऐकायला मिळत.

"आता अकरा महिन्यांचा करार करतात म्हणे. पण अकरा महिन्यांसाठी राहायला येतं कोण? पुढे जातात कुठे ती माणसं?"

"तू घर घेणारेस का चौकशी समिती नेमणारेस?"

कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागूनच, दुसऱ्या मजल्यावरचा एक वन-रूम-किचन विकायला निघाला होता. मालकाची बदली गुजरातला झाली होती. एजंट बोनकोड्याचाच. त्याच्या घरची भातशेती नव्या वसाहतीत गेली होती आणि आता त्याच जमिनीवरच्या इमारतींमधली घरं तो दाखवत फिरायचा. आम्ही गेलो त्या दिवशी दाराला कुलूप होतं. भाडेकरू बाई गावाला गेली होती.

"बाई, बिनधास घ्या," तो म्हणाला. "पानी चोवीस तास हाय. भाडेकरूचा टेन्शन नको, मी खाली करून देतो. शनिवारी बयाना द्या, विषय संपला."

घर आतून न बघता बयाणा कसा द्यायचा? रविवारी दुपारी बस पकडून मी एकटीच पुन्हा गेले.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईने. गळ्यात शिंप्याची टेप, ब्लाउजला टोचलेल्या दोन टाचण्या. मी म्हटलं, "हे घर विकायचंय ना, म्हणून बघायला आलेय."

तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "विकायचंय?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी परत फिरणार तेवढ्यात ती बाजूला झाली. "आलाव तर आत या. उन्हातून आलाव."

ती मुरूडकडची. नवरा मालवाहू जहाजावर कामाला होता, आठ-नऊ महिन्यांनी घरी यायचा. ती इथे दोन मुलींना घेऊन राहत होती आणि आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवत होती. पाणी पिऊन झाल्यावर मी भीत भीत विचारलं, घर कसं आहे? ती उठली आणि तिने मला सगळं दाखवलं. मशीन खिडकीशी का, तर चार वाजेपर्यंत तिथे दिव्याशिवाय सुई दिसते. मोरीच्या भिंतीला ओल येते ती पावसाची नव्हे, शेजारच्यांच्या न्हाणीची. दोनदा त्यांच्याशी भांडून तिने ती थोडी कमी करून घेतली होती.

"आणि पाणी?"

"ते सांगून नाय समजायचं. सकाळी साडेपाचला या, बगा."

घरी हे सांगितल्यावर माझा नवरा हसला, पण मंगळवारी पहाटे स्कूटरवर त्यानेच मला तिथे सोडलं. नळाला करंगळीएवढी धार होती. वीस मिनिटांत तीही बंद झाली. उरलेलं पाणी खालच्या नळावरून आणायचं होतं. मीही दोन कळश्या वर चढवल्या. दुसऱ्या जिन्यावर दम लागला तेव्हा ती हसली. "आता झालाव तुमी इथल्या."

चहा पिताना मी तिला विचारलं. त्यात उपकाराचा विचार बिलकुल नव्हता, मला खरंच कळत नव्हतं. "तुम्हाला या घराची एवढी माहिती आहे, मग तुम्हीच का नाही घेत?"

तिने कप खाली ठेवला. "आमाला कोणी विचारलंच नाय. आता आठवड्याभरात ह्यांचा फोन येईल खालच्या दुकानात. तुमी आठ दिवस थांबाल?"

थांबते, असं मी म्हणून गेले.

चार दिवस मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. खरं म्हणजे मला ते घर हवं होतं. वाण्याकडे उभी असताना, वर्गात मुलांना प्रश्न सोडवायला देऊन बसल्यावर, मनात येई की फोन नाहीच आला तर बरं. असं वाटलं की स्वतःचाच राग येई. शनिवारी एजंट बयाण्यासाठी आला तेव्हा नवऱ्यासमोर सगळं बाहेर आलं.

"बाई, तुमी गिऱ्हाईक हाव का एजंट?" तो चिडला.

नवऱ्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. तो एजंटला एवढंच म्हणाला, "हिने शब्द दिलाय. आठ दिवस होऊ दे."

फोन सहाव्या दिवशी आला. तिने काही दागिने मोडले, दिराकडून थोडी मदत घेतली आणि घर तिने घेतलं. एजंटला त्याची दलाली तिच्याकडून मिळाली, मग त्याचाही राग गेला. मला ती सांगायला आली ती मुलींना घेऊन, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. मी मनापासून अभिनंदन केलं. ती गेल्यावर मात्र संध्याकाळभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

वर्षभराने आम्ही कळंबोलीला घर घेतलं. ते घेण्याआधी मी तिथल्या भाडेकरूंच्या घरी तीनदा जाऊन बसले, एकदा पहाटे. ते कुटुंब त्या महिन्यात पुण्याला जाणारच होतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं तेव्हा कुठे सही केली.

आमचा पहिला भाडेकरू लोखंड बाजारात कारकून होता. बायको सोबत होती. करार वाचून झाल्यावर तिने मला एकच विचारलं, "वहिनी, भिंतीला खिळे ठोकले तर चालतील का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही याचा कधी विचार केला नव्हता.

"कशासाठी ठोकायचेत?" मी विचारलं, आणि ती सांगायला लागली.