पूजलेल्या यंत्रावरचा हात

झाकण माझ्या बोटांवर आदळले. संगणकाचे, पत्र्याचे, धारदार कडांचे. आत माझा उजवा हात होता. आदळणारे माझे मार्गदर्शक. विभागप्रमुख.

खंडेनवमी होती. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. सरांनी सोवळे नेसून पूजा केली आणि पळीभर पाणी शिंपडले. ते नेमके माझ्या संगणकात उतरले. दूरशिक्षण आणि संगणकाधारित शिक्षणाचा आरंभीचा इतिहास हा माझा पीएच.डी.चा विषय; त्यासाठी भंगारातून आणलेले ते जुने यंत्र मी खपून चालू केले होते. ते बघायला बोलावलेले पाहुणे आले आणि यंत्र बंद पडले. मी झाकण उघडून पाणी टिपू लागले.

"हात काढ! पूजा झालीय. तुझ्या जातीचा हात आज तरी नको."

मग झाकण.

मदरबोर्डवर रक्त. सर हसून पाहुण्यांकडे वळले. "आई पोस्टानं बी.ए. झालेली. लेकीला सोवळं कुठून कळणार?"

पिशोरच्या शाळेत आईला चपलांपाशी बसवत. टपालाने आलेल्या पाठांनी तिला कुठे बसायचे ते सांगितले नाही. पुढे दूरदूरच्या वर्गांतले संगणकाचे पडदे एकाच मोठ्या संगणकाला तारांनी जोडले गेले. त्या पहिल्या धड्यांनाही फक्त उत्तर हवे असे. चूक की बरोबर. पुढचा प्रश्न. हे मी प्रबंधात लिहिले होते, आणि यंत्रापाशी पहारा देणारा माणूस लिहायचा राहिला होता.

"रक्त पूस. माझ्या पाया पड."

शिपाईमामा कुजबुजले, "ताई, पडा की. लई मोठा मानूस हाय. सही त्येचीच लागती."

खरे होते. त्या सहीविना प्रबंध सादर होणार नव्हता.

सरांनी माझी मान धरून खाली दाबली. मी त्यांचे मनगट पकडले आणि पिरगाळले. ते किंचाळेपर्यंत. "नाही पडणार."

बोटांना टाके घालून पोलीस ठाण्यात गेले. सरांचे जातीबद्दलचे वाक्य जसेच्या तसे लिहून दिले. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: तक्रार मागे घे, सही करतो.

ती सही मला नको. दुसरा मार्गदर्शक शोधेन. वर्षे जातील, जाऊ देत. प्रबंधात एक प्रकरण वाढवते आहे: यंत्र शिकवायला तयार असताना त्याच्यापुढून कोणाला उठवले, आणि कोणी. न्यायालयात ते वाक्य मी पुन्हा उच्चारणार आहे. मोठ्याने, त्यांच्या डोळ्यांत पाहून.