मामांचा कॉम्प्युटर पंगतीला बसतो

सोलापुरात यंत्रावर जीव लावणारी माणसं पुष्कळ असतील, पण यंत्राच्या मनाला वाईट वाटेल म्हणून ज्यांना झोप लागत नाही असे एकटे आमचे मामाच. सगळी नोकरी यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. त्यामुळे आवाज न करणाऱ्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही, आणि मिक्सर बंद पडला तरी आधी त्याच्या पाठीवर थाप मारून "काय झालं रं?" असं विचारतात. मामी म्हणतात, "मला ताप आला तर एवढी चौकशी न्हाय."

त्यांच्याकडचा कॉम्प्युटर मी कॉलेजात गेलो तेव्हाचा. मंद्रूपच्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. शिकायला मामांकडे राहिलो, नि मामांनी हे पांढरं धूड घरात आणलं. आता ते पिवळं पडलंय. त्याच्यावर थंडीत जाड चादर, उन्हाळ्यात पातळ. पाहुण्यांना मात्र बारा महिने एकच.

मागच्या वर्षी घरात वायफाय आलं. फोन जोडले, टीव्ही जोडला. मामांनी मला बोलावून घेतलं. "सगळे पंगतीला बसले, ह्यो एकटाच दारात हुबा. बरं दिसतंय व्हय?" मामींनी पदर खोचून सांगितलं, "रविवारी भंगारवाला येतोय. तवर जोडा, न्हायतर ह्यो त्याच्या गाड्यावर."  त्या दिवशी मामांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

शनिवारी मी वायफायचं बोटाएवढं डोंगल घेऊन गेलो. मागची पोर्टं गंजलेली, पुढचं एकच धड. डोंगल अर्धं आत जाई नि अडे. मी पदवीचा सगळा जोर लावला. मामा थाप मारायला सरसावले.

"मामा, यंत्रमाग न्हाय त्यो!"

"नसंना. माझी थाप वळखतोय."

शेवटी टॉर्च मारला. आत तांदूळ! मामींच्या केसातल्या पिनेनं टोकरलं, तर कुंकवात घट्ट झालेले दाणे एकामागून एक बाहेर. दर खंडेनवमीला मामा पान्हा, कात्री नि कॉम्प्युटर मांडून पूजा करत, आणि अक्षता नेमक्या त्या फटीत सोडत.

"मला वाटलं, त्याचं तोंड तेच," मामा म्हणाले.

"पसाभर निघाले तर सांगा," मामी म्हणाल्या, "भात टाकते."

डोंगल बसलं. सीडीवरून त्याचं सॉफ्टवेअर चढवलं. एक चहा झाला, दुसरा झाला, तेव्हा कुठं पडद्यावर इंटरनेटचं पान उघडलं. मामांना त्यात काहीच बघायचं नव्हतं. "बस हितं. पयला बसायचास तसा," म्हणाले. मी बसलो. ते मागं उभे राहिले. मी प्रोजेक्ट टाइप करायचो तेव्हाही असेच राहायचे, एक अक्षर कळत नसताना मान डोलवत. "लिव्ह की कायतरी." मी नुसताच कीबोर्ड खडखडवला.

रविवारी भंगारवाल्याला मामींनी बंद पडलेला टेबलफॅन दिला.

"आन् त्यो डबा, मावशी?"

"डबा कुणाला म्हणतोस? आमच्या भाच्याचा कॉम्प्युटर हाय त्यो," म्हणत मामींनी दार लावून घेतलं.

यंदा खंडेनवमीला मी आधीच पोर्टावर चिकटपट्टी लावली. मामा मुठीत अक्षता घेऊन जरा वेळ घुटमळले. मग माझ्या डोक्यावर टाकल्या.

"हितं चालतंय. ह्यात तसंबी काय अडकत न्हाय."

 संध्याकाळपर्यंत मी केस झटकले नाहीत.