आप्पांच्या कानातली धडधड

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत तोफखान्यात होते. कोरेगावजवळच्या आमच्या गावात बहुतेक घरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं, आणि कानात सतत शिट्टी वाजणं ही तोफखानावाल्यांची खूणच. पारावर दोन निवृत्त गडी भेटले की कुणाची शिट्टी मोठी यावरून वाद. औषध मात्र कुणी घेत नसे. तोफेनं दिलेलं दुखणं डॉक्टरला दाखवणं म्हणजे कमीपणा. मीही त्याच तोऱ्यात वाढले.

गेल्या पावसाळ्यात आप्पांचा मला सांगलीला फोन आला. "बाय, शिट्टी हाय ती हायच. पर आता उजव्या कानात विहिरीवरच्या मोटरीगत धडधड व्हतंय. नाडीबरुबर."

मी शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. हसून म्हणाले, "आवं आप्पा, तोफ लय जवळ आली असंल!" तेही हसले. महिन्याभरानं पुन्हा म्हणाले, तेव्हा "सुट्टीत बघू" म्हणून मी विषय मिटवला. त्यानंतर ते बोललेच नाहीत. मला वाटलं, कटकट गेली. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

दिवाळीला गावी गेले तर त्यांचे पाय सुजलेले. विचारलं तर धडधडही चालूच होती. तसंच त्यांना सांगलीला आणलं आणि आधी कान दाखवला. कानाच्या डॉक्टरांनी आप्पांच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळली आणि आकडा बघून डॉक्टरांचा चेहराच बदलला. म्हणाले, शिट्टी तोफांची, ती काही जायची नाही. रेडिओ हळू लावून ठेवा, म्हणजे तिचा त्रास कमी जाणवेल. नाडीच्या ठेक्यावरची धडधड मात्र वेगळी, ती वाढलेल्या रक्तदाबाची असणार. तपासण्या झाल्या, तोवर मूत्रपिंडं बरीच निकामी झाली होती.

"वेळेवर आला असता तर बरंच वाचवता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. "घरी कुणाला बोलला नव्हता का?"

मी खुर्चीत आक्रसले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई सायेब. कुनालाच न्हाई. माजीच चूक."

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मांडीवरच्या फायलीतले कागद सारखे करत बसले.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मीच त्यांना नेते. भेटायला येणारे गाववाले म्हणतात, "लेक आसावी तर आशी." आप्पा लगेच म्हणतात, "व्हय तर." आणि मी चहा टाकायला आत जाते.