आबांची सोवळी भट्टी

माझ्या आईचे मामा हे या भूतलावरचे एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांचा देवावर एकाच कारणासाठी राग होता. आपल्याला जन्माला घालायचं काम त्यानं परस्पर उरकलं, आपल्याला करू दिलं नाही! तेवढं एक सोडलं तर आयुष्यातली बाकी सगळी कामं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली, आणि त्यातली निम्मी अशी केली की ती पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी करावी लागली. घिवलीत त्यांचं बैठं कौलारू घर, मागे परस, परसात विहीर आणि पलीकडे नारळाची वाडी. अख्खं गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. त्या साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. तिथल्या एका कंत्राटदाराकडे मला कारकुनी मिळाली. कराडहून ट्रंक घेऊन मी बोईसरला उतरलो आणि आईनं आधीच पत्र टाकून ठेवल्यामुळे थेट आबांच्या ताब्यात गेलो. 'ताब्यात' हा शब्द मी पूर्ण विचार करून वापरतो आहे.

विकतची वस्तू म्हणजे आबांना अपमान वाटे. साबण घरचा, तो रिठ्याचा आणि राखेचा. त्यानं मळ निघायचा, पण कधीकधी मळाबरोबर शर्टाची बाहीही निघायची. शाई घरची, दंतमंजन घरचं, चपला ट्रकच्या फुटक्या टायरच्या. वाळूतून चालले की मागे गाडीच गेल्यासारखी नक्षी उमटायची. केससुद्धा ते आरशात बघून स्वतःच कापत. गावचा न्हावी त्यावर कधी चिडला नाही. उलट एखादं गिऱ्हाईक दराबद्दल कुरकुरायला लागलं की तो रस्त्यानं जाणाऱ्या आबांकडे नुसतं बोट दाखवायचा. घड्याळाला तर त्यांच्या घरात थाराच नव्हता. ओट्यावर एक खुंटी ठोकून तिच्या सावलीवरून ते वेळ सांगत. त्या सावलीपायी कंत्राटदाराचा ट्रक माझा तीनदा चुकला. "घड्याळ चुकतं, सूर्य चुकत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "आणि आभाळ भरलं तर?" त्यावर आबा म्हणाले, "तर मग कामावर कशाला जायचं?"

पण या सगळ्याच्या वर होता तो पाव. पूर्वी कधीकाळी फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट या किनाऱ्यावर ज्याला त्याला आपापल्या आजीनं सांगितलेली असते. बाकीचे ती ऐकून मोठे झाले आणि चहाबरोबर पाव खायला लागले. आबांनी ती मनाला लावून घेतली. चिंचणीच्या नाक्यावरची पास्कलची बेकरी आली की ते रस्ता ओलांडून, नाकाला उपरणं लावून जात. मी नवा होतो, मला यातलं काय माहीत! आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात विहिरीच्या काठावर बसून मी चहात पाव बुडवत होतो. कावळ्यानं झडप घातली आणि तुकडा गेला पाण्यात. झालं! आबांनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत विहीर उपसायला लावली. उपसायला लावली म्हणजे मला. गंमत अशी की पाव पहिल्याच बादलीत वर आला होता. मी तो त्यांच्यापुढे धरला, तर म्हणाले, "पाव निघाला रे, पण पाण्यात मुरला तो कोण काढणार? ओढ!"

पुढे सहा महिन्यांनी मला विषमज्वर झाला. गोळ्यांनी ताप उतरला खरा, पण पोटानं संपच पुकारला. पेज राहीना, साबुदाण्याची लापशी राहीना, मऊ भात तर तोंडाशी आणला की आधी भांडं शोधावं लागे. मामीआजी, म्हणजे आबांच्या पत्नी, वाटी घेऊन यायच्या आणि वाटी घेऊन जायच्या. बोईसरचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले, माझ्या बरगड्या बघून गंभीर झाले आणि म्हणाले, "दूध-पाव द्या. भाजलेला, हलका पाव. तो राहील."

आजी माझ्याकडे बघेनात, डॉक्टर आबांकडे बघेनात. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, संपलं. माझ्या आईला आबांनीच लिहून कळवलं होतं, 'पोर माझ्याकडे आहे, तू निर्धास्त राहा.' आणि आता ते पोर पावाच्या एका तुकड्यासाठी जाणार.

आबा दारात जाऊन ओट्यावरच्या खुंटीच्या सावलीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पाव लागतो ना? देतो. पण बाजारचा नाही. मी करीन. सोवळ्यात."

"अहो, भट्टी लागते त्याला!" आजी म्हणाल्या.

"मग बांधतो!"

म्हणजे बघा. इकडे माणूस भुकेनं मरायला टेकलाय आणि तिकडे त्याचा स्वयंपाक करण्यासाठी आधी विटा आणायला चाललेत! माझी खाट परसाच्या खिडकीशी होती, त्यामुळे ती सगळी करमणूक मला पडल्यापडल्या फुकट मिळाली. बेटेगावहून पांडू गवंडी आला. हा माणूस जन्मभर विहिरी बांधत आलेला. "आबा, मी खाली बांधतूं, वर नाय," तो म्हणाला. आबांनी त्याला सांगितलं की भट्टी म्हणजे उलटी विहीरच, आणि ते त्याला पटलंसुद्धा. भट्टी अग्नीची, तेव्हा ती आग्नेय कोपऱ्यातच हवी, असा आबांचा हट्ट. तिथे आजींची तुळस होती. तुळस हलली. आबा स्वतः गुडघाभर चिखलात उभे राहून माती, भाताचं तूस आणि गुळाचं पाणी तुडवायला लागले. गुळानं चिकटपणा येतो हे खरं. गुळानं मुंग्याही येतात, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जोत्यावर मुंग्यांची जत्रा भरली होती आणि पांडू विटेगणिक एक उडी मारत होता.

मग घुमट. पांडूनं घुमट कधी बांधलेला नव्हता. पहिला तिसऱ्या थरालाच आत बसला. तेव्हा आजींनी, कोणी विचारलेलं नसताना, आंब्यांचा मोठा हारा, म्हणजे बांबूची टोपलीच, आणून जोत्यावर पालथा घातला आणि म्हणाल्या, "याच्यावरून रचा. मग आत जाळ करा, हारा जळून जाईल, घुमट राहील." दोघे पुरुष त्या हाऱ्याकडे असे बघत राहिले, की मला आजारपणातसुद्धा हसू फुटलं. पुढे आबा ही युक्ती 'आम्ही काढलेली' म्हणून सांगत. आजींनी त्यांना कधी अडवलं नाही.

पाचव्या दिवशी भट्टी उभी राहिली. कुबड आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती, पण उभी होती. दोन दिवस बारीक विस्तवावर वाळवली. तोपर्यंत माझा आवाज खोल गेला होता आणि खिडकीतून आबाही मला हडकलेले दिसायला लागले होते. मी म्हटलं, या वयात चिखल तुडवायचा म्हणजे काय होणार! सातव्या दिवशी आबांनी सोवळं नेसून आंबट ताकात पीठ भिजवलं, भट्टीत माडाच्या झावळ्या आणि करवंट्या धडाडून पेटवल्या आणि त्या जाळाशेजारीच गोळे सरकवले. बाहेर आले ते बाहेरून कोळसा आणि आतून कणीक. दुसरी खेपही तशीच. पांडूनं एक गोळा दगडावर आपटून बघितला आणि हात जोडले. "आबा, बांधकामाला चांगला हाय."

संध्याकाळी डॉक्टर आले, नाडी बघितली आणि ओसरीवर जाऊन हळू आवाजात बोलले. पण मला ऐकू आलं. उद्या मुंबईला हलवायचं, आणि वाटेत काय होईल सांगता येत नाही. आजींचं रडणंही ऐकू आलं. आबा मात्र उठून परसात गेले. अंधार पडेपर्यंत ते भट्टीच्या तोंडाशी बसून होते. मला तेव्हा मरणाची भीती वाटली नाही असं म्हणालो तर खोटं होईल. आई डोळ्यांसमोर यायला लागली.

सकाळी आबा घरात नव्हते. दहाच्या सुमाराला परसदार वाजलं आणि आबांच्या मागोमाग आत आला तो चिंचणीचा पास्कल. खांद्यावर लांब लाकडी फळी आणि हातात ओल्या फडक्यात बांधलेला पिठाचा गोळा. त्यानं मला नंतर सांगितलं. "आबांना बेकरीच्या पायरीवर बघून मी भ्यालो. म्हटलं, भांडायला आले. तर हात जोडून म्हणाले, माझ्या घरी येशील का? पोर जगलं पाहिजे."

पास्कलनं भट्टीभोवती एक फेरी मारली, आत डोकं घातलं, घुमटावर थाप मारली. "आबा, भट्टी नंबर एक हाय! तुमी पाव चुकीचा घालता." आबांचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. मग पास्कलनं फडकं सोडून गोळा बाहेर काढला. त्याला ताडीसारखा आंबूस वास येत होता. "हे खमीर. कालचं पीठ."

"यात काय घातलंयस?" आबांनी विचारलं.

"तुमी विचारलं नाय, मी सांगितलं नाय," पास्कल म्हणाला आणि इकडेतिकडे बघायला लागला. "पाणी कुठं हाय?"

कोणी काही बोलायच्या आत तो विहिरीकडे गेला. हातांना पीठ लागलेलं. तशाच हातांनी त्यानं दोर धरला आणि पोहरा आत सोडला. आजी दारात थिजल्या. पांडूनं जीभ चावली. मी उशीवरून मान उचलून आबांकडे बघत होतो. आबांनी एकदा पोहऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्या खिडकीकडे. आणि म्हणाले, "दोर जुना आहे रे, जपून ओढ."

पीठ फुगलं, गोळे झाले, भट्टी पुन्हा पेटली. घुमट आतून पांढरा पडला तसा पास्कल आकडीनं सगळा विस्तव बाहेर ओढायला लागला. आबा उसळलेच. "अरे, विस्तव काढलास तर भाजणार कशावर? माझ्या डोक्यावर?"

"ही चूल नाय आबा. विटांनी आग पिऊन घेतली, आता जाळ नको." त्यानं ओल्या गोणपाटानं तळ पुसला, चिमूटभर पीठ टाकून रंग बघितला, फळीवरून पाव आत सरकवले आणि पत्रा हातात घेतला. "आता तोंड बंद करायचं."

"भट्टीचं करा, आणि यांचंही करा," आजी म्हणाल्या. घरात किती दिवसांनी कोणी थट्टा केली होती!

ते पाव बाहेर आले तो वास मी अजून विसरलेलो नाही. आजींनी दुधात कुस्करून चमचा तोंडाशी धरला. एक चमचा, दोन, अर्धी वाटी. मग सगळं घर माझ्या पोटाकडे बघत बसलं. आबा आत येईनात. दर थोड्या वेळानं खिडकीत त्यांचं डोकं यायचं. "राहिलं का?"

"राहिलं."

असं दुपारभर चाललं. उन्हं कलल्यावर मी आपणहून म्हणालो, "आजी, अजून आहे?" त्याबरोबर बाहेरून आबांच्या रडण्याचा आवाज आला. चोरून नव्हे, लहान पोरासारखा मोकळा. आणि पास्कलचा, "आबा, रडा नंतर, दुसरी खेप करपतेय!" मुंबई राहिली, मला न्यायला आलेली गाडी परत गेली आणि त्या रात्री आम्ही सगळे मेल्यासारखे झोपलो.

दुसऱ्या दिवशी दूध-पाव भरवताना आजींनी सहज सांगितलं, "काल ते जेवले हो."

"म्हणजे?"

"डॉक्टर पाव म्हणून गेले, त्या दिवसापासून यांनी अन्न सोडलं होतं. रोज एक केळं आणि पाणी. म्हणाले, पोराच्या पोटात ठरेल तेव्हा माझ्या पोटात. तुला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं."

काल जेवले ते वरणभातच. पावाला त्यांनी पुढे मरेपर्यंत बोट लावलं नाही आणि मीही कधी आग्रह केला नाही. मी यथावकाश वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायला गेलो, लग्न झालं, मुलं झाली. पुढेही आजारी पडलो, माणसांनी केलं माझं, प्रेमानं केलं. पण मी जेवलो नाही म्हणून कोणी आठ दिवस अन्न सोडलं, आणि वर मला कळूही दिलं नाही, असं पुन्हा झालं नाही. आबा गेले त्या दिवशी सगळे मला जेवून घे, जेवून घे म्हणत होते. मला एक घास गेला नाही.