रोशनीची फुंकर

जूचंद्रच्या पोरींना चिमूट धरायला कुणी शिकवत नाही, ती आपोआप येते. रांगोळीचं गाव ते! तिथल्या शत्रुघ्नदादांची रोशनी शाळेत असल्यापासून रांगोळीत माणसं काढायची. चेहरे हुबेहूब यायचे, अडायचं ते हातांवर. हात कसे, तर मोज्यात पेंढा भरल्यासारखे. मग ती अंगणात बसून स्वतःचाच पंजा उन्हात धरायची. बोटांच्या कडा लालसर पेटायच्या आणि ती बघतच राहायची, आत कोण कोणाला ओढत असेल? बाप म्हणायचा, "पोरी, जेवाचं पन इसरशील!" त्या वेडापायी ती डॉक्टरकीला गेली, असं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत.

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी वसईच्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचं आणि हाताच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण मिळणार असं कळलं, आणि ही बया सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या बाकावर बसली. आधी केळीच्या सालीवर टाके, मग कोंबडीच्या पायावर. डोळ्यांवर भिंग, हातात केसाहून बारीक धागा. भिंगातून खाली पाहिलं की बाकीचं जग विरघळून जायचं. शेजारचा सुमेध सारखा बडबडायचा, पण त्याचा आवाज खाडीपलीकडून आल्यासारखा वाटायचा. चिमटीतून रंग सुटावा तसा तिच्या हातून धागा अलगद सरकायचा. मागे उभे राहून शिकवणारे सर नुसतं "हं" म्हणायचे. आता सरांचं "हं" मिळवायला पोरं जीव टाकायची, हे सांगायला हवं.

आणि तिथंच घोळ झाला. एकदा टाक्यावर कापसाचा तंतू येऊन बसला. रोशनीनं मास्क खाली ओढला, ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर मारली! आत्यानं शिकवलेलं अंगात मुरलेलं ना: रांगोळीवरचा जास्तीचा कण बोटानं काढला तर रंग फिसकटतो, तो फुंकरीनंच उडवायचा. सगळी पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत.

"कोंबडी मेलेली आहे म्हणून निभावलं," ते म्हणाले. "तोंडातले जंतू जखमेत गेले तर हात सडतो, बाळा. ही सवय गेल्याशिवाय माझ्या पेशंटला तू सुई लावायची नाहीस."

या शिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला खऱ्या हातावर कातडीचे थोडे टाके घालायला मिळणार होते. रोशनीला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. घरी ती तोंडाला रुमाल बांधून रांगोळी काढायला लागली. तरी रुमालाआड ओठ आपले वळायचेच. रडकुंडीला आली पोरगी! हळूहळू सुटली म्हणा सवय, निदान तिला तसं वाटलं. सरांनाही वाटलं.

त्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर मर्सीमावशी नावाच्या पेशंट होत्या. वाडीत केळीचा घड उतरवताना कोयता बोटावर आला होता, आणि बोट वाकवणारी आतली दोरी, म्हणजे कंडरा, तुटली होती. दुखू नये इतपतच हात बधिर केलेला, आणि मावशी पडद्यापलीकडे टक्क जाग्या. सरांनी कंडरा जोडली आणि म्हणाले, "मावशी, बोट वाकवा बघू."

बोट वाकलं. उघड्या जखमेत ती पांढरी, ओली, चमकती दोरी सरकली, थांबली, परत आली. अगं आई! रोशनीला आपण उभ्या आहोत की तरंगतो आहोत तेच कळेना. इतकं सुंदर काही आपल्या सगळ्यांच्या हातात लपलेलं असतं आणि आपण त्या हातांनी भांडी घासतो, या विचारानं तिला भरून आलं.

"रोशनी, कातडी तू शिव," सर म्हणाले.

सुई हातात आली. जखमेच्या कडेला एक तंतू दिसला. भिंगाखालच्या त्या गुलाबी उजेडात, मास्कच्या आड, तिचे ओठ वळले आणि श्वास सुटलासुद्धा. कुणालाच दिसलं नाही. मास्क होता, कदाचित काही बिघडलंही नसतं. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं.

तिनं सुई खाली ठेवली. "सर, मी फुंकर मारली."

सर म्हणाले, "सिस्टर, जखम पुन्हा धुवा. हिचा मास्क बदला. सुमेध, तू ये."

"काय झालं गो?" पडद्यामागून मर्सीमावशी.

"काही नाही मावशी," सर म्हणाले. पण रोशनीला राहवेना. "मावशी, चूक माझी झाली. तुमच्या जखमेवर फुंकर मारली मी. आता धुतायत."

"कुनी पायलं काय?"

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"हात तुमचा आहे ना, मावशी."

पडद्यापलीकडून मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, हीच शिवल. दुसऱ्या कोनाला मी हात देनार नाय."

सरांनी रोशनीकडे पाहिलं. सुमेधला मानेनंच मागे जायला सांगितलं आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

जखम धुऊन झाली, मास्क बदलला, ती बसली, पण भिंगाखाली सगळं धूसर. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हातमोजे घातलेल्या हातांनी डोळे पुसायचे कसे? सिस्टरनं काही न बोलता तिचं भिंग वर केलं, गॉजच्या पट्टीनं दोन्ही डोळे पुसले आणि भिंग परत बसवलं. मग रोशनीनं पहिला टाका घातला.