दोन पातेल्यांतली डाळ
तूरडाळ शिजल्याचा वास आला की मला लातूरची ती खानावळ आठवते. क्लासला आलेल्या आम्ही पोरी निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष या पाच पायऱ्या घोकतच तिथं जेवायला बसायचो. त्या उन्हाळ्यात डाळ शिजेचना, पोरी मेस सोडायला लागल्या. "दुकानदारानंच जुनी डाळ घातली गळ्यात," असं सगळ्यांना सांगत मेसवाल्या काकू एकदा भांडायला निघाल्या, पण "नवं बोअर घेतल्यापासूनच हे चालू हाय की," असं पुटपुटत दारातूनच परतल्या. त्यांनी एकाच पोत्यातली डाळ दोन पातेल्यांत मोजून घातली, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात नळाचं, आणि सारख्याच आचेवर ठेवली. नळाच्या पाण्यातली लोण्यासारखी मऊ झाली, बोअरच्या पाण्यातली टणकच. मी ओरडले, "काकू, पाण्याचाच दोष!" त्या म्हणाल्या, "एकदा झालं म्हंजे खरं झालं व्हय? उद्या पुन्हा बघू." तीन दिवस तसंच घडलं. चौथ्या दिवशी त्या मला घेऊन दुकानात गेल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या डाळीला उगंच नाव ठेवलं, माझंच चुकलं."  परत येऊन मी वहीत निष्कर्षाखाली पेन्सिलनं सहावी पायरी लिहिली: दुकानदाराकडं जाणं. आजही प्रयोगशाळेत माझा अंदाज खोटा ठरला, की तीच पायरी चढायला सगळ्यात उंच वाटते.