गोवंडीची बारीक लाइन

आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या चार शाखा होत्या: अंधेरी, मुलुंड, घाटकोपर आणि गोवंडी. नव्या धड्यांचे व्हिडिओ अंधेरीत बनायचे. सोमवारच्या बॅचआधी ते सगळीकडे पोचवणं हे माझं काम. पूर्वी तिन्ही शाखा एकदम अंधेरीवर तुटून पडायच्या आणि वेळेत कुणालाच काही मिळायचं नाही. मी पद्धत बदलली. फाइलचे तुकडे केले. अंधेरीने प्रत्येकीला वेगळे तुकडे द्यायचे, पुढची देवाणघेवाण शाखांनी आपसांत करायची. जिची नेटची लाइन मोठी तिने जास्त वाटायचं, गोवंडीने झेपेल तेवढं. काम सुरळीत चाललं.

मग एकदा मालकांनी माझ्या स्क्रीनवर कोण किती पाठवतं ते पाहिलं. गोवंडी तळाला.

"मॅडम, हे फुकट खातायत."

"सर, त्यांच्या गल्लीत केबल नाही. डोंगलवर चालतं सगळं. येताना कसंबसं येतं, जाताना थेंबथेंब."

"नियम सगळ्यांना सारखा. जास्त देईल त्याला आधी."

सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होतीच. त्यांनी स्वतः ती चालू केली.

मुलुंड आणि घाटकोपर एकमेकींना भराभर देत राहिल्या. गोवंडीला उरलंसुरलं. सोमवारचा धडा गुरुवारी पोचायला लागला. तिथली शाखा सांभाळणारी माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली. तिचा फोन आला.

"अगं, पोरं समोर बसलीत आणि मी फळ्यावर खडूने स्क्रीन काढून दाखवतेय. झकास चाललंय."

"मी सांगितलंय सरांना. पुन्हा सांगते."

"राहू दे. आता मी पोरांचं नेट बंद करून दिवसभर नुसतं पाठवत बसते. तळातून वर तरी येऊ."

गोवंडी वर आली नाही. डोंगलचा डेटा मात्र महिना अर्धा व्हायच्या आत संपला. मी लेखी कळवलं, वाढीव डेटा मागितला. मालक म्हणाले, आधी त्यांनी मेहनत दाखवावी.

मुलं एकेक करून दुसऱ्या क्लासला गेली. शाखा बंद झाली. पुढच्या मीटिंगला मालकांनी माझाच अहवाल सगळ्यांसमोर धरला. सर्व शाखांना धडे वेळेवर. खोटं काहीच नव्हतं त्यात; शाखा आता तीनच होत्या.

गोवंडी सांभाळणारीला आता अंधेरीत फोनवर बसवलंय. गोवंडीतून कुणी चौकशी केली, की ती घाटकोपरचा पत्ता सांगते.